जुन्या मोटारसायकलची देखभाल: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग) असलेली एक जुनी एकसिलिंडर मोटारसायकल नुकतीच माझ्याकडे आली आहे. ती सहज चालू होते. मात्र गरम झाल्यावर आचके देऊन बंद पडते. इंजिन उघडण्याआधी स्वतः काय तपासता येईल?

उत्तर १: इंजिनाला इतक्यात हात लावू नये. प्रथम स्पार्क प्लग काढून पाहावा: टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे आणि पांढरेफटक असेल तर ते कमी पडत आहे. त्यानंतर पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) त्यांतील अंतर मोजावे. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते ०.३ ते ०.४ मिमी असते, तरीही आपल्या गाडीची पुस्तिकाच प्रमाण मानावी. गरम झाल्यावरच त्रास होतो, त्यामुळे माझा पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणाऱ्या छोट्या विद्युत भागावर) आहे.

उत्तर २: पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते, म्हणून ते नंतर अवश्य तपासावे. हत्यारांविषयी एक सूचना: जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या बोल्टना बहुधा व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची पद्धतीच्या) मापाचे पाने लागतात, आणि मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना वापरल्यास बोल्टचे कोपरे झिजतात.

उत्तर ३: कंडेन्सर विकत घेण्यापूर्वी फुकटची चाचणी करून पाहा. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. त्यानंतर ती सुरळीत चालू लागली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यामुळे पेट्रोल नीट खाली उतरत नसण्याची शक्यता मोठी आहे.