३ जुलैला ब्रिगेडियर उस्मान यांच्या कबरीवर जायचंय. काय न्यावं?

खटावकर: आमचे आजोबा मराठा पॅरा (पॅराशूट) पलटणीत होते, १९४८ ला काश्मीरच्या लढाईत, जम्मूकडच्या नौशेरा-झांगर भागात. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या फोटोचं कात्रण चिकटवलेलं होतं. खळीमुळे कडा झुरळांनी खाल्लेल्या, चेहरा शाबूत. ३ जुलैला ट्रंक दिवसभर उघडी असायची आणि कुणी रेडिओ मोठ्यानं लावला तर त्याची खैर नसे. "उस्मानसाब" एवढंच म्हणायचे. पुढं काही विचारलं की तंबाखू मळायला घ्यायचे.

आता आजोबा नाहीत. मी नोकरीला नोएडात आहे आणि कबर जामिया मिलियाच्या कब्रस्तानात, म्हणजे मॅजेंटा लाइनवरच. साध्या माणसाला जाता येतं का? हार चालतो का? आई म्हणते नारळ न्यायचाच. गावीही दरवर्षी काहीतरी करावं असं मनात आहे.

ओखल्याची सून: नारळ राहू दे हो दादा! गुलाबाच्या सुट्या पाकळ्या न्या, मेट्रोबाहेर मिळतील. चालताना दुसऱ्या कुणाच्या कबरीवर पाय पडू देऊ नका. लष्कराकडून दरवर्षी त्या दिवशी पुष्पचक्र वाहतात, तेव्हा त्यांचं आटोपेपर्यंत बाजूला थांबा. गेटवर आधी विचारून ठेवा. आणि ३ जुलैवरच अडू नका. २०२० च्या डिसेंबरात कबरीची मोडतोड झाल्याची बातमी आली होती, मग लष्करानं दुरुस्त केली. अधूनमधून कुणी फिरकत असलं तर अशा गोष्टी लवकर दिसतात.

रिटायर्ड सुभेदार: खटावकर, तुमच्या आजोबांची पलटण त्यांच्याच ५० पॅरा ब्रिगेडमध्ये होती. पुढे तीच पॅराशूट रेजिमेंटची २ पॅरा पलटण झाली. उस्मानसाहेब मूळचे बलुच रेजिमेंटचे. फाळणीत पाकिस्तानात मोठ्या हुद्द्याची संधी असताना इथंच राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये झांगर पाकिस्तानच्या हाती गेलं, तेव्हा ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही म्हणाले आणि थंडीत जमिनीवर झोपले. फेब्रुवारीत नौशेरा राखलं, १८ मार्चला झांगर घेतलं. मग कुठल्याशा घरून खाट मागून आणली म्हणतात! ३ जुलैला तिथंच तोफगोळा लागून गेले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. अंत्ययात्रेला नेहरू होते, नंतर महावीर चक्र मिळालं. लग्न केलं नव्हतं, पगारातला बराच पैसा गरीब मुलांवर जायचा. नौशेऱ्याच्या अनाथ पोरांची बालक सेना त्यांनीच उभी केली. गोळीबारात ती पोरं निरोप पोचवायची. गावात कार्यक्रम कराल तर शाळेत करा आणि ही बालक सेना पोरांना सांगा. भाषणं कमी ठेवा. आमदार बोलावलात तर उस्मानसाहेब राहतील बाजूला.

माणगाव टू दिल्ली: चांगलंय सगळं, पण आपल्या यशवंत घाडगेंचं काय? व्हिक्टोरिया क्रॉस. १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांना तर कबरसुद्धा नाही, कसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव. माणगावात पुतळा आहे, पण तालुक्याबाहेर कुणाला विचारा.

रिटायर्ड सुभेदार: मग तुम्ही १० जुलै धरा ना! कोण अडवतंय? आठवड्याचंच अंतर आहे. आणि "आपल्या" म्हणताय, तर नौशेऱ्यात लढलेले मराठेही आपलेच की. त्याच मोहिमेत राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढणारे रामा राघोबा राणे कारवारचे. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

खटावकर: ताई, सुभेदारसाहेब, आभार. शाळेचं हेडमास्तरांशी बोलतो. अजून एक, आजोबांचा सेवा क्रमांक जुन्या पेन्शन बुकात सापडलाय. ते नेमके कुठल्या कंपनीत होते हे कळायला कुठं लिहू?

रिटायर्ड सुभेदार: कधी सुटले त्यावर आहे. पॅराशूट रेजिमेंट १९५२ ला उभी राहिली. त्याआधी सुटले असतील तर बेळगावला मराठा सेंटरला लिहा, नंतरचे असतील तर बंगळुरूला पॅराशूट रेजिमेंटच्या सेंटरला. सेवा क्रमांक, पूर्ण नाव, गाव, तालुका, सगळं सुवाच्य अक्षरात. पेन्शन बुकाची झेरॉक्सच जोडा, मूळ प्रत हातची सोडू नका.