जपानमध्ये इंग्रजी माध्यमातून एम.एस. करावे का?

सिंहगडरोडकर (धागाकर्ती)
पुण्यातून धातुशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षे नोकरी केली; आता पुढे शिकावे म्हणते. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात अर्ज करण्याचा विचार आहे. होंडा कोतारो यांनी १९१७ मध्ये चुंबकी पोलाद शोधले ते तिथेच, त्यामुळे माझ्या विषयाचे ते माहेरघर. अभ्यासक्रम इंग्रजीत असून शुल्क वर्षाला ५,३५,८०० येन, म्हणजे साधारण तीन लाख रुपये, आणि प्रवेशशुल्क एकदाच २,८२,००० येन. अमेरिकेच्या मानाने हे घरच्यांना झेपेल. जपानी मात्र मला काना लिपीपलीकडे येत नाही. जावे का?

वाईकर
एवढ्या भाषेच्या भांडवलावर जाऊ नये. मी अशाच एका इंग्रजी अभ्यासक्रमातून एम.एस. केले (विद्यापीठाचे नाव राहू द्या). वर्ग इंग्रजीत होत, पण प्रयोगशाळेच्या साप्ताहिक झेमीत, म्हणजे चर्चासत्रात, स्लाइड तेवढ्या इंग्रजी असत आणि वाद जपानीत रंगे. एकदा माझ्याच आलेखावर दहा-बारा मिनिटे खल झाला आणि शेजाऱ्याने मला त्याचे सार सांगितले ते असे: ‘सरांना उभा अक्ष बदलून हवा आहे.’ नोकरीचे तर आणखी अवघड. शूकात्सू, म्हणजे तिथली नोकरी शोधण्याची मोहीम, पदवीच्या वर्षभर आधीपासूनच सुरू होते. ऑक्टोबरमध्ये आलेला विद्यार्थी जेमतेम स्थिरावतो तोच अर्ज भरायची वेळ येते आणि बहुतेक कंपन्यांना किमान एन-२ पातळीची (जपानी भाषेच्या परीक्षेतल्या पाच पातळ्यांपैकी वरून दुसरी) जपानी हवी असते.

त्सुकुबावासी
वाईकरांच्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. माझी पीएच.डी. जपानमधल्याच त्सुकुबा विद्यापीठाची. आमच्या गटात निम्म्याहून अधिक विद्यार्थी परदेशी असल्याने झेमी इंग्रजीतच चाले. झेमीची भाषा विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून नव्हे, प्राध्यापकांवरून ठरते. एन-२ होईपर्यंत पुण्यात थांबायचे म्हटले तर दोन-तीन वर्षे सहज जातील, आणि तोवर आज आपल्या गटात घ्यायला होकार देणारे प्राध्यापक निवृत्तही झालेले असतील. शिवाय जपान सरकारची मोनबुकागाकुशो शिष्यवृत्ती मिळाल्यास एम.एस.ला दरमहा १,४४,००० येन, शुल्कमाफी आणि विमानभाडे मिळते. मग आर्थिक जोखीम उरते कुठे?

वाईकर
सगळा प्रश्न त्या ‘मिळाल्यास’ या शब्दातच आहे. न मिळाल्यास आठवड्याला २८ तास काम करण्याची मुभा असते खरी, पण जपानी न बोलणाऱ्याच्या वाट्याला येते ती बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यातली रात्रपाळी. सरकत्या पट्ट्यावरच्या डब्यांत पहाटेपर्यंत लोणच्याची एकेक फोड ठेवून सकाळी सूक्ष्मदर्शकापुढे बसणे किती जमते, ते मी करून पाहिले आहे.

सिंहगडरोडकर
दोघांचेही वाचून प्राध्यापकांना आजच विचारले आहे की झेमी कोणत्या भाषेत चालते आणि गटात सध्या परदेशी विद्यार्थी किती आहेत. डिसेंबरच्या एन-५ परीक्षेला बसायचेही ठरवले आहे. परीक्षा पुण्यातच होते. त्सुकुबावासी, तुमच्या गटातल्या किती परदेशी विद्यार्थ्यांना पुढे जपानमध्येच नोकरी लागली?

त्सुकुबावासी
माझ्या बरोबरीच्या पाचांपैकी दोघांना. दोघेही जपानी उत्तम बोलत, हे वाईकरांच्या बाजूने मान्य करावे लागेल. तिसरा मी, सध्या हैदराबादला असतो, आणि तरीही पुन्हा निवड करायची झाली तर त्सुकुबाच निवडेन.