रोजचं शब्दकोडं: तुमचे अनुभव लिहा

मी पट्टीची कोडी सोडवणारी नाही. सकाळच्या चहाबरोबर वीस मिनिटं, जमेल तेवढं. पण काल 'वारा, तीन अक्षरी' असं आडवं सूत्र आलं आणि मी लगेच 'अनल' लिहिलं. मधल्या 'न'पासून सुरू होणारा उभा शब्द होता 'तातडीची गरज'. 'नड' सुचत होतं, पण घरं तीन! अर्ध्या तासाने लक्षात आलं, अनल म्हणजे विस्तव, वारा म्हणजे अनिल. 'नि' टाकल्याबरोबर 'निकड' आलं आणि सगळा कोपरा सुटला. त्या एका वेलांटीचा आनंद दिवसभर पुरला. तुमचंही असं काही असेल तर जरूर लिहा.

---

सासूबाईंना आता बारीक छपाई दिसत नाही, म्हणून सूत्रं मी वाचते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरं किती गं?" परवा 'गुरांचा चारा' आलं. मी म्हटलं, 'कडबा'. त्या म्हणाल्या, "घाई करू नकोस, आडव्यातून काय येतंय ते बघ." मधलं अक्षर 'र' आलं. "मग वैरण लिही. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, सगळाच चारा कडबा नसतो." मग जात्यात मूठमूठ दाणे वैरायचे, ते सांगत बसल्या. कोडं तसंच राहिलं. मला ती सकाळ फार आवडली.

---

मी न्यू जर्सीत राहतो. इथे न्यूयॉर्क टाइम्सचं कोडं सोमवारी सोपं असतं, शनिवारी सगळ्यांत अवघड. बुधवारपर्यंत माझी मजल जाते, पुढे बेसबॉलचे खेळाडू आडवे येतात. शब्दकोड्याचा जन्मही इथलाच. २१ डिसेंबर १९१३ ला आर्थर विन याने न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये पहिलं कोडं दिलं, तेही शंकरपाळ्याच्या आकाराचं. पण खरी मजा मुलीला मराठी कोडं शिकवताना आली. 'स्वातंत्र्य' लिहायला तिने सहा घरं मागितली. स्वा, तं, त्र्य, तीनच पुरतात म्हटल्यावर तिने प्रत्येक घरात बोट ठेवून तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. काना, मात्रा, जोडाक्षर सगळं एकाच घरात मावतं, हे मलाही तेव्हाच नीट दिसलं.

---

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना रोज सोडवतो. एकदा पेपरात चौकट आजची आणि सूत्रं आदल्या दिवशीची. ठाणं गेलं तरी एकही शब्द बसेना. दुसऱ्या दिवशी दिलगिरीची एक ओळ नाही. छोटी गोष्ट वाटेल, पण आम्ही त्या चौकटीवर विश्वास ठेवून बसतो हो.

---

उत्तरं त्याच पानावर उलटी छापू नयेत, असं माझं स्पष्ट मत. नजर जातेच. मी त्यावर पोस्टकार्ड ठेवते.

---

पोस्टकार्डाची युक्ती छान, मीही करून बघते. आज 'पर्वत, दोन अक्षरी' अडलंय. नग, गिरी की शैल? उभा शब्द अजून सुटलेला नाही.