चीनने गृहकर्ज स्वस्त केले, तरी तिथला घरबाजार का उठत नाही?

मुलुंडकर (प्रश्न)
सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले, तेव्हा वर्ष संपण्याआधी दस्त नोंदवून घ्यावा म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या रांगेत मीही उभा होतो. सवलत मिळाली की ग्राहक येतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिले. मग चीनमध्ये २०२४ पासून एवढ्या सवलती देऊनही घरांना गिऱ्हाईक का मिळत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त बँक अधिकारी, दादर
आपल्याकडे त्या वेळी खरेदी लांबणीवर पडली होती, पण घराच्या किमतीवरचा विश्वास उडालेला नव्हता. चीनमध्ये तोच उडाला आहे, आणि तो व्याजदराने परत आणता येत नाही.

तिथे बहुतेक नवी घरे बांधून होण्याआधीच विकली जात. आपल्यासारखे स्लॅब पडेल तसे पैसे सोडण्याऐवजी बँक बहुधा कर्जाची रक्कम सुरुवातीलाच देई आणि ग्राहकाचा हप्ता लगेच सुरू होई. त्या पैशांतून बिल्डर पुढची जमीन घेत. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने 'तीन लाल रेषा' आखून त्यांच्या कर्जांना लगाम घातला आणि हे चक्र थांबले. सुमारे ३०० अब्ज डॉलरची देणी असलेली एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी २०२१ च्या अखेरीस थकबाकीदार ठरली, जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती अवसायनात काढली. त्याआधी, जुलै २०२२ मध्ये, अनेक शहरांतल्या अर्धवट इमारतींच्या ग्राहकांनी 'ताबा नाही तर हप्ताही नाही' अशी भूमिका घेतली होती.

मे २०२४ मध्ये पहिल्या घरासाठी स्वतः भरायची किमान रक्कम १५ टक्क्यांवर आली आणि गृहकर्जाच्या व्याजदराची देशपातळीवरची किमान मर्यादा काढली गेली. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या घरालाही तेच १५ टक्के लागू झाले आणि जुन्या कर्जांचे दर सरासरी अर्ध्या टक्क्याने उतरवण्यात आले. त्यानंतर मोठ्या शहरांत काही महिने विक्री वाढली, हे मान्य करायला हवे. पण साधा हिशेब करा. ८० लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला साधारण ४० हजार रुपयांची बचत. एक कोटीचे घर त्याच वर्षात ५ टक्क्यांनी उतरले, तर पाच लाख गेले. भाव पडत असताना थांबणे हाच शहाणपणा ठरतो, आणि सगळेच थांबले की भाव आणखी पडतो.

पडून असलेली घरे सरकारी कंपन्यांनी विकत घेऊन परवडणारी घरे म्हणून द्यावीत, यासाठी ३०० अब्ज युआनची योजनाही आली. भाड्यातून व्याजसुद्धा सुटेना, म्हणून तिला उठाव मिळाला नाही. अखेर, बँका या कंपन्यांना जे कर्ज देत त्यातला मध्यवर्ती बँकेने पुरवायचा वाटा ६० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर न्यावा लागला.

कांदिवलीची सभासद
माझा अनुभव सांगते. आमच्या इमारतीचे काम सहाव्या स्लॅबवर चार वर्षे बंद होते. वर निघालेल्या सळया गंजून त्यांचे तांबूस ओघळ भिंतीवर उतरले होते, आणि आम्ही भाडे व हप्ता दोन्ही भरत होतो. मधल्या काळात व्याजदर उतरला, हप्ता थोडा कमी झाला, पण ओळखीतल्या एकालाही मी 'तिथे घर घ्या' असे म्हणू शकले नाही. काँक्रीटचा मिक्सर पुन्हा दारात उभा राहिला, त्या आठवड्यात शेजारच्या दोन कुटुंबांनी चौकशी केली. म्हणून मला वाटते, चीनने निवडक प्रकल्पांची 'पांढरी यादी' करून ते पूर्ण करण्यासाठी बँकांना जे कर्ज द्यायला लावले, ज्याची मर्यादा २०२४ अखेर ४ लाख कोटी युआनपर्यंत नेण्याचे जाहीर झाले, तोच खरा उपाय आहे. आपल्याकडेही रखडलेल्या प्रकल्पांसाठी २०१९ मध्ये २५ हजार कोटींचा 'स्वामी' निधी जाहीर झाला, तो याच विचाराने.

निवृत्त बँक अधिकारी, दादर
ताई, आपले म्हणणे शांघाय, शेन्झेनसारख्या शहरांना पटते. लहान शहरांत मात्र पूर्ण झालेली घरेही रिकामी आहेत; देशाची लोकसंख्या २०२२ पासून घटते आहे आणि तरुण नोकरीसाठी मोठ्या शहरांकडे जातात. तिथे काम पूर्ण झाल्याने अडकलेल्या ग्राहकाला ताबा मिळेल, जो त्याचा हक्कच आहे, पण नवा ग्राहक येईलच असे नाही.

मुलुंडकर
दोघांचे आभार. मी दर आणि शुल्क एवढेच पाहत होतो. ताब्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, कारण आमच्या इमारतीला आधीच ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेली होती.