मदत हवी आहे: मसालेदार वासाचा परफ्यूम टिकत नाही

केळीबाग_जळगाव:
मेहुण्यांनी दालचिनी, केशर आणि तंबाखू अशा उष्ण वासांचा परफ्यूम भेट दिला आहे. सुरुवातीला तो फार रुबाबदार वाटतो; पण थोड्या वेळाने मला काहीच वास येत नाही, म्हणून मी पुन्हा फवारतो. घरची मंडळी मात्र डोके दुखते म्हणतात. गुरुवारी लग्न आहे. वास टिकवण्याचा उपाय लवकर सांगावा.

तापीकाठ:
बाटलीवर ‘ओ द तॉयलेत’ लिहिले आहे की ‘ओ द पार्फम’? दुसऱ्यात सुगंधी द्रव्यांचे प्रमाण सहसा जास्त असते. फवारे किती, आणि कोठे? लग्न दिवसाचे की रात्रीचे?

सावदेकर:
वाळ्याचे अत्तर घ्या, प्रश्न मिटला. आपल्या उन्हाळ्यात दालचिनी लावून हिंडणे म्हणजे भर दुपारी शेकोटीजवळ बसणे आहे.

भुसावळ_जंक्शन:
वाळ्याचे आणि मसाल्याचे वैर नाही. २०१२ साली आलेल्या ‘स्पाइसबॉम्ब’ या परफ्यूममध्ये दालचिनी, केशर, तंबाखू आहेत आणि तळाशी, म्हणजे सर्वांत शेवटी जाणवणाऱ्या वासांत, वाळाही आहे.

सावदेकर:
असेल, परंतु तो वाळा नाकाला लागेपर्यंत वऱ्हाड परतलेले असते.

पांझरा:
अत्तराचे डाग पांढऱ्या सदऱ्यावरून सहज निघत नाहीत, म्हणून सदरा रंगीत घ्यावा.

केळीबाग_जळगाव:
सदऱ्याचे मी विचारलेले नाही. बाटलीवर ‘पार्फम’ आहे. गळ्यावर आणि मनगटांवर मिळून पाच-सहा फवारे मारतो. लग्न शिंदखेड्याला, दुपारी १२ वाजता, उघड्या मांडवात आहे. आता तरी उपाय सांगा.

तापीकाठ:
मग वास टिकत नाही, हे निदानच चुकीचे आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची नोंद घेणे सोडते; शेजाऱ्याला मात्र तो येतच असतो, आणि उन्हात द्रव्य लवकर उडत असल्यामुळे अधिकच अंगावर येतो. घरच्यांची तक्रार हाच त्याचा पुरावा आहे. दोन फवारे, सदऱ्याच्या आत छातीवर, निघण्याच्या अर्धा तास आधी मारा. पुन्हा फवारू नका. दालचिनी आणि लवंग यांच्या वासातील घटकांची काहींच्या त्वचेला ॲलर्जी असते, तेव्हा गळ्याला खाज येत असेल तर तेथे लावणे थांबवा.

केळीबाग_जळगाव:
दोन फवाऱ्यांत वास व्याह्यांपर्यंत पोहोचेल का?

तापीकाठ:
पंगतीत शेजारी बसणाऱ्यापर्यंत पोहोचला, तरी पुष्कळ झाले.

सावदेकर:
कानात अत्तराचा फाया ठेवला असता, तर हा हिशोबच करावा लागला नसता.