ग्लॉक पिस्तुलाची मागची साईट खाचेत जातच नाहीये, मोठी हातोडी आणू का?

ऑस्टिनचा_अण्णा
मंडळी मदत करा. ग्लॉक १९ आहे, कंपनीच्या प्लास्टिकच्या साईट (नेम धरायच्या खुणा) काढून ट्रिटियमवाल्या, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या, लावायला घेतल्या. पुढची पाच मिनिटांत झाली, एकच स्क्रू असतो तिला. मागची मात्र डव्हटेलमध्ये (वर अरुंद, खाली रुंद अशा आडव्या खाचेत) जेमतेम दोन मिलिमीटर शिरते आणि मग हूं की चूं नाही. नायलॉनचा पंच लावून पाच-सहा ठोके घातले तर पंचाचंच टोक चेपलं, वर स्लाईडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) बारीक ओरखडा आलाय. गनस्मिथ दोन आठवडे थांबा म्हणतो. स्लाईडची खाचच कानशीने जराशी मोठी केली तर?

जुना_फिटर
अरे थांब, कानस खाली ठेव आधी! स्लाईडला हात लावायचा नाही. खाच एकदा सैल झाली की कुठलीच साईट त्यात टिकणार नाही, आणि स्लाईड केवढ्याला पडते ते तुला माहितीये. साईट बिघडली तर दुसरी आणशील. घासायचं ते साईटचं बूड, तेही मोजून मापून. बुडाला काळा मार्कर फास, हाताने जाईल तेवढी आत ढकल, बाहेर काढ, जिथला रंग खरवडला गेलाय तिथेच अडतंय. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिशपेपर पसरून बूड त्यावर सपाट धरून दहा-बारा हात मार, परत लावून बघ, परत दहा. कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. तिरक्या कडा घासायच्याच झाल्या तर तिकोनी कानस घे आणि तिची एक बाजू घासून गुळगुळीत करून टाक, नाहीतर एक कड घासताना शेजारची पण खाल्ली जाते. अंगठ्याच्या जोराने एक तृतीयांश आत गेली की थांबायचं, पुढचं पंचाचं काम. हाताने पूर्ण आत गेली तर समज जास्त घासलीस, चार दिवसात सरकायला लागेल.

कॅटीकर
काका बरोबर बोलतात पण ट्रिटियमवाल्या साईटवर हातोडी कशाला? आत काचेची नळी असते, फुटली की बसा अंधारात. साईट पुशर भाड्याने नाहीतर मित्राकडून घ्या, स्क्रूने हळूहळू ढकलतो, ओरखडा नाही काही नाही. मी तर आधी साईट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो, आकसते.

जुना_फिटर
फ्रीजरचा हिशोब करून बघ एकदा. दहा मिलिमीटर पोलाद चाळीस डिग्रीने गार केलं तर आकसतं किती, जेमतेम पाच मायक्रॉन. आइस्क्रीम ठेव त्यापेक्षा. पुशरचं मात्र पटलं. पंचच वापरायचा तर पितळेचा घे, साईटच्या बुडाशी टेकव, नळीच्या वर नको, आणि व्हाइसच्या जबड्यांना चामडं लाव. आणि हो अण्णा, स्लाईड उतरवून काम करतोयस ना? ग्लॉक खोलायला ट्रिगर दाबावा लागतो, म्हणून मॅगझिन काढून चेंबर डोळ्याने बघ आणि बोट घालूनही बघ. दोनदा.

रंकाळ्यावरून
आम्ही नुसतं वाचून मजा घेतोय 😀 इकडे कोल्हापुरात कुणी हे घरी करायला जाऊ नका, १९५९ च्या शस्त्र कायद्यात धंदा म्हणून दुरुस्ती करायलाही लायसन लागतं, आपलं हत्यार असलं तरी लायसनवाल्या दुकानातच न्या.

डल्लासची_ताई
अण्णा, तुमच्या साईटच्या मधोमध बारका ॲलन स्क्रू आहे का? असेल तर तो आधी सैल केलात का? माझ्या नवऱ्याने तासभर घाम गाळला होता, स्क्रू खालून डोकावत होता म्हणून. आणि बसल्यावर मध्यावर आणायला व्हर्निअर घ्या, नुसत्या नजरेवर जाऊ नका. ग्लॉक १९ ला दोन साईटमधलं अंतर साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे मागची ०.१ मिमी सरकली तर २५ यार्डावर गोळी दीड सेंटीमीटर हलते. गोळी डावीकडे लागत असेल तर मागची साईट उजवीकडे सरकवायची.

ऑस्टिनचा_अण्णा
ताई, साष्टांग नमस्कार. स्क्रू होता. अर्धा मिलिमीटर खाली आलेला, काळ्यावर काळा, दिसलाच नाही. सैल केला तर साईट हाताने तीन-चार मिलिमीटर गेली, तरी पुढे घट्टच होती म्हणून काकांच्या मार्करने बघितलं, फक्त पुढच्या कडेला खरवडत होतं, पेपरवर वीसेक हात मारले, मग शेजाऱ्याचा पुशर आणून बसवली. उघड्या पडलेल्या लोखंडावर कोल्ड ब्लू (पोलाद काळं करायचं रसायन) लावलंय. शनिवारी रेंजवर जातो, तोवर ओरखड्यावर काय लावता येईल ते सांगा कुणीतरी.