भागाकार आज येतो, आठ दिवसांनी पाटी कोरी!

इंदूरला घरीच पाचवीच्या मुलांची ट्यूशन घेते. समजावलं की सगळे हो म्हणतात, मग विसरतात. बी.एड.ला पियाजे, स्किनर हे मानसशास्त्रज्ञ वाचले पण वर्गात वापरायचे कसे?

— ताई, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलंय, विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्याने होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग आठव्या दिवशी वही बंद ठेवून दोनच गणितं द्या, लगेच समजावू नका, आठवू द्या त्यांना, त्या धडपडीतच पक्कं होतं.

— पियाजेच्या मते 7 ते 11 वयात हाताळायला वस्तू लागतात. सराफ्यातल्या (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या) 12 जिलब्या 4 जणांत वाटायला लावा. अडले तर मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या विचारांना धरून थोडाच हात द्या, जमलं की काढून घ्या.

— खूप आभार, उद्या जिलब्याच आणते.